नियमांत पास, कामात नापास: डब्ल्यूसीएजी अंध माणसाची गरज कुठवर भागवते?

प्रश्न असा आला आहे. राजारामपुरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेची नवी वेबसाइट आणि अॅप तयार केलं. तपासणी अहवालात डब्ल्यूसीएजी २.१ ची (वेबसाइट अपंग व्यक्तींनाही वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांची) एए ही मधली पातळी पूर्ण झाल्याचा शेरा आहे. तरीही बँकेच्या दोन अंध खातेदारांनी शाखेत येऊन सांगितलं की घरी बसून मुदत ठेव करता येत नाही, दर वेळी कुणालातरी बोलवावं लागतं. डेव्हलपर विचारतो, ‘ताई, सगळे निकष पाळलेत, मग राहिलं काय? ही तत्त्वं अंधांची गरज खरोखर भागवतात का?’

मी स्वतः पूर्ण अंध आहे. वेबसाइट आणि अॅप तपासणं आणि अंध मुलामुलींना संगणक शिकवणं ही माझी दोन्ही कामं बरीच वर्षं चालू आहेत. माझं उत्तर: अर्धी भागवतात. उरलेली अर्धी गरज त्या कागदात लिहिलेलीच नाही, ती माणसाला विचारूनच कळते.

‘अर्धी’ हा शब्द मी हवेतून काढलेला नाही. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली एक अभ्यास मांडला. ३२ अंध व्यक्तींना १६ वेबसाइटवर प्रत्यक्ष कामं करायला दिली आणि त्या कुठे कुठे अडल्या याची नोंद केली. एकूण १३८३ नोंदी झाल्या. त्यातल्या फक्त ५०.४ टक्के अडचणी डब्ल्यूसीएजी २.० च्या कुठल्या ना कुठल्या निकषात बसत होत्या. त्याहून जास्त विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. ज्या अडचणी निकषांत बसत होत्या, त्यांतही १६.७ टक्के ठिकाणी सांगितलेला उपाय केलेला होता आणि तरी अडचण तशीच होती. त्यानंतर २०१८ मध्ये २.१ आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये २.२ आवृत्ती आली, निकषांची संख्या ६१ वरून ८६ वर गेली. पण वाढलेल्या निकषांतले बरेचसे मोबाईल, अल्पदृष्टी आणि आकलनाच्या अडचणी यांच्यासाठी आहेत. ते हवेच होते. पूर्ण अंध माणसाच्या वाट्याला मात्र त्यातून थोडंच आलं. स्क्रीनवर गुपचूप उमटणारा ‘अर्ज जमा झाला’ असा संदेश स्क्रीन रीडरपर्यंत, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरपर्यंत, पोचला पाहिजे हा २.१ मधला निकष आमच्या खऱ्या उपयोगाचा.

आता तुमच्या मुदत ठेवीच्या फॉर्मकडे येते. मी तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून लॅपटॉपवर आणि टॉकबॅक हा फोनमधला स्क्रीन रीडर लावून साध्या अँड्रॉइड फोनवर, असा दोन्हीकडे चालवून पाहिला.

रक्कम, मुदत, व्याज कसं हवं, सगळ्या रकान्यांना लेबल आहेत, ती नीट वाचली जातात. कामाचं कौतुक वाटलं. मग आली नॉमिनीची जन्मतारीख. तिथे टाईप करता येत नाही, कॅलेंडरच उघडतं. कॅलेंडर कीबोर्डवर चालतं, प्रत्येक तारखेला नाव आहे, ‘मागचा महिना’ या बटणालाही नाव आहे. तपासणाऱ्याने बरोबर टिक केलं, कारण निकष तेवढंच विचारतो. पण तक्रार करणाऱ्या काकांच्या पत्नीचा जन्म १९६८ चा. आजच्या महिन्यापासून तिथवर मागे जायला सहाशेहून जास्त वेळा तेच बटण दाबायचं. वर्ष बदलायची सोय आहे, पण ती महिन्याच्या नावावर दोनदा टिचकी मारल्यावर उघडते. डोळस माणसाला तिथला छोटा बाण दिसतो. आम्हाला ऐकू येतं फक्त ‘जून, बटण’. काका चाळिसेक वेळा बटण दाबून थांबले आणि नातवाला हाक मारली. त्या हाकेबरोबर ठेवीची रक्कम, नॉमिनीचं नाव, खात्यातली शिल्लक, सगळं नातवाच्या डोळ्यांसमोर गेलं.

इथे एकही निकष मोडलेला नाही. उपाय अर्ध्या तासाचा आहे: साधा रकाना ठेवा, दिवस-महिना-वर्ष आकड्यांत टाईप करू द्या, ज्याला हवं त्याच्यासाठी कॅलेंडर शेजारी राहू दे.

तुमच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. डब्ल्यूसीएजी पानाचे भाग तपासते: चित्राला पर्यायी मजकूर (त्याचं शब्दांत वर्णन) आहे का, बटणाला नाव आहे का, कीबोर्डने तिथे पोचता येतं का. भाग धड नसतील तर पुढचं काहीच शक्य नाही, म्हणून हे तपासायलाच हवं. पण अंध माणूस बँकेच्या साईटवर बटणं ऐकायला येत नाही, तो ठेव करायला येतो. त्याचा प्रश्न असतो की हे काम मी एकटा, साधारण इतरांइतक्याच वेळात, माझी माहिती दुसऱ्याच्या हाती न देता पुरं करू शकतो का. हा प्रश्न निकषांच्या यादीत असा सरळ कुठेच नाही. ज्या कामाला पाच-सहा टप्पे आहेत त्यातला प्रत्येक टप्पा निकषांत बसला पाहिजे एवढी अट तिथे आहे. ते टप्पे पार करताना माणूस दमून सोडून देईल का, हे तिथे मोजलेलं नाही.

आणखी एक गोष्ट, जी अहवाल वाचणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही. निकषांच्या ए, एए, एएए अशा तीन पातळ्या आहेत आणि सगळीकडे मागणी होते ती एएची. अंधांच्या रोजच्या वापरातल्या दोन फार महत्त्वाच्या गोष्टी एएए मध्ये जाऊन बसल्या आहेत. पहिली म्हणजे हेडिंग. लांब पानावर माहिती शोधताना स्क्रीन रीडर वापरणारे बहुसंख्य लोक आधी हेडिंगवरून उड्या मारतात. वेबएम या अमेरिकेतल्या संस्थेच्या अलीकडच्या सर्वेक्षणांत हे प्रमाण सातत्याने दोनतृतीयांशाच्या आसपास किंवा वर आलं आहे. मी स्वतः कुठलंही नवं पान उघडलं की बोट आधी कीबोर्डवरच्या एच वर जातं, ते दाबलं की पुढचं हेडिंग येतं. पण ए आणि एए एवढंच म्हणतात की जे डोळ्यांना हेडिंगसारखं दिसतं ते कोडमध्येही हेडिंग असावं आणि त्याचे शब्द नेमके असावेत. मजकुराचे भाग पाडून प्रत्येकाला हेडिंग द्यावं, हे एएएचं कलम. म्हणजे ठेवींचे नियम चार पानभर एकाच सलग मजकुरात लिहिले, एकही हेडिंग दिलं नाही, तरी एए शाबूत.

दुसरी लिंकची. आम्ही पुष्कळदा पानावरच्या सगळ्या लिंकची यादी काढतो आणि त्यात शोधतो. तुमच्या व्याजदराच्या पानावर ती यादी अशी वाजते: ‘अधिक माहिती, अधिक माहिती, अधिक माहिती, येथे क्लिक करा, अधिक माहिती.’ एएच्या हिशेबात हे चालतं, कारण शेजारच्या वाक्यावरून अर्थ लागतो. लिंक एकटी वाचली तरी कळली पाहिजे, ही अट पुन्हा एएए मध्ये. या दोन्ही गोष्टी कुणालाही खर्चात टाकणाऱ्या नाहीत. तुमच्या कामात त्या एए समजूनच करा. डब्ल्यूसीएजी स्वतःही कबूल करते की एएए पूर्ण केलं तरी सगळ्या प्रकारच्या अपंगत्वाच्या सगळ्या व्यक्तींना ते पान वापरता येईलच असं नाही. हे वाक्य मूळ दस्तऐवजात आहे. अहवाल लिहिणारे ते सोडून देतात.

मराठीत अडचण आणखी एक पायरी वाढते, आणि इथे मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण इंग्रजीतून शिकलेल्या तपासणाऱ्यांच्या नजरेतून हे हमखास सुटतं.

पानाची भाषा कोडमध्ये सांगितलेली असावी, हा अगदी खालच्या पातळीचा, ए चा निकष आहे. तुमच्या साईटचं इंग्रजी पान कॉपी करून मराठी पान केलेलं दिसतं, त्यामुळे भाषेच्या जागी इंग्रजीच राहिली आहे. तपासणीच्या स्वयंचलित साधनाला भाषा ‘आहे’ एवढंच कळलं, त्याने पास दिला. आवाज आपोआप भाषेप्रमाणे बदलावा अशी सेटिंग ज्याची आहे, त्याच्याकडे इंग्रजी आवाज मराठी मजकुराला भिडतो. असे कित्येक आवाज देवनागरी अक्षरं सरळ गाळून पुढे जातात. ऐकणाऱ्याला वाटतं पान रिकामं आहे, नुसते आकडे ऐकू येतात.

भाषा नीट सांगितली तरी ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये मराठी आवाज हवा. तो नसेल तर हिंदी आवाज वाचतो, आणि काही हिंदी आवाजांना ‘ळ’ नीट म्हणता येत नाही. आता कोल्हापुरात ‘ळ’ शिवाय काय चालतं? गूळ, रंकाळा, पन्हाळा, शाहूवाडी तालुक्यातलं विशाळगड. शाखांची यादी ऐकताना माणूस दोनदा मागे जातो. त्यात पत्ता ‘ता. करवीर, जि. कोल्हापूर’ असा संक्षेपात. काही आवाज तो ‘ता’, मग थांबा, मग ‘करवीर’ असा म्हणतात. संक्षेपांचा विस्तार द्यावा हा निकष कुठे आहे? पुन्हा एएए मध्ये. तुम्ही ‘तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर’ असं पूर्ण लिहिलं तर कुणाचंच काही बिघडत नाही.

सर्वसाधारण सभेची नोटीस तर मुळात वाचताच येत नाही. ती छापखान्यातल्या जुन्या, युनिकोड (अक्षरं साठवायची सर्वमान्य पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाईप करून पीडीएफ केली आहे. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतं, पण फाईलमध्ये साठवलेली अक्षरं रोमन आहेत. स्क्रीन रीडर त्या निरर्थक इंग्रजी अक्षरांचा गोंधळ वाचतो. स्वयंचलित साधनाला तिथे मजकूर सापडतो, म्हणून ते दोष दाखवत नाही. सभासद म्हणून ज्याला मत द्यायचा हक्क आहे त्याला विषयपत्रिका कळत नाही. नोटिसा आणि वार्षिक अहवाल युनिकोडमध्येच टाईप करून घ्या, हे बँकेला तुम्ही लेखी कळवायला हवं. ते तुमच्या कामाच्या कक्षेत नसलं तरी.

ज्यांना सहायक तंत्रज्ञान, म्हणजे स्क्रीन रीडरसारखी साधनं, साथ देतात अशाच पद्धती वापराव्यात, असं डब्ल्यूसीएजी म्हणते. पण कोणत्या आणि किती स्क्रीन रीडरनी, कोणत्या भाषेत साथ दिली म्हणजे पुरे, हे ती ठरवून देत नाही. ते ज्याने त्याने आपल्या वापरकर्त्यांकडे पाहून ठरवायचं आहे. इंग्रजीसाठी हा प्रश्न जवळपास सुटलेला आहे, मराठीसाठी प्रत्येक वेळी ऐकूनच बघावं लागतं.

लॉगिनबद्दल दोन गोष्टी. कॅप्चाला आवाजाचा पर्याय दिलाय, निकष पूर्ण. पण आकडे ऐकू येत असतानाच टॉकबॅक रकान्याचं नाव बोलतो आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात. त्यात बोलणाऱ्याच्या मागे मुद्दाम घातलेला गोंगाट. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्यासाठी तर दोन्ही दारं बंद. २.२ मध्ये लॉगिनच्या वेळी कोडं सोडवायला लावू नये असा निकष आलाय, पण त्यात चित्रं ओळखायला लावण्याची सूट ठेवली आहे, म्हणजे आम्ही तिथेही बाहेरच. ओटीपी घेता आहात, मग कॅप्चा काढूनच टाका.

दुसरं, अॅपमधला चार आकडी पिन. आकड्यांची जागा दर वेळी बदलणारा कीपॅड तुम्ही सुरक्षेसाठी ठेवलाय आणि प्रत्येक बटणाला बरोबर नाव दिलंय. परिणाम असा की बोट फिरवताना फोन प्रत्येक आकडा मोठ्याने बोलतो, कारण पिनचा रकाना म्हणून तो ओळखूच येत नाही, ती सुटी बटणं आहेत. लक्ष्मीपुरीत दुकानाच्या गर्दीत उभं राहून पैसे देणाऱ्या बाईंचा पिन शेजारच्या चार जणांना ऐकू जातो. त्यांनी इअरफोन लावावा हे उत्तर नव्हे, गर्दीत कान बंद करून उभं राहणं आमच्यासाठी असुरक्षित आहे. फोनचा नेहमीचा कीबोर्ड आणि पासवर्डचा खराखुरा रकाना वापरा.

इतकं वाचून कुणी म्हणेल, मग ही तत्त्वं सोडूनच द्या. असं मी कधीच म्हणणार नाही. १९९९ मध्ये पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून आम्हाला वाद घालायला काहीतरी हातात मिळालं. त्याआधी ‘मला वापरता येत नाही’ म्हटलं की ‘तुम्हालाच जमत नसेल’ हे उत्तर ठरलेलं. आणि वस्तुस्थिती अशी की निकष अपुरे आहेत ही तक्रार करण्याइतकेसुद्धा ते पाळले जात नाहीत. वेबएम दर वर्षी जगातल्या दहा लाख मुखपृष्ठांची यंत्राने तपासणी करते. २०२५ मध्ये त्यातल्या ९४.८ टक्के पानांवर यंत्राला सापडतील असेच दोष निघाले: फिका मजकूर, पर्यायी मजकूर नसलेली चित्रं, लेबल नसलेले रकाने. तुमची साईट या गर्दीत वरच्या काही टक्क्यांत आहे, म्हणून तर पुढचं बोलता येतंय.

कायदाही आता या मागणीच्या बाजूने उभा आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली आला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या प्रकरणात निकाल दिला. अर्जदारांत अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती होत्या, ज्यांना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवता येत नव्हत्या, आणि एक अंध वकील होते. डिजिटल सुविधा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि २० निर्देश दिले. त्यातला एक तुमच्या कामाचा आहे: नियमनाखालच्या संस्थांनी जाणकारांकडून ठरावीक काळाने सुगम्यता तपासणी करून घ्यावी, आणि अॅप, वेबसाइट किंवा नवी सुविधा आणताना अंध व्यक्तींना वापर-चाचणीत सामील करावं. सहकारी बँक रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखाली येते. म्हणजे नुसता अहवाल पुरेसा नाही, सोबत माणसं हवीत, हे आता माझ्यासारखीचं मत राहिलेलं नाही.

बँकेच्या बैठकीत कुणीतरी ‘एक ओळ कोड टाका, साईट आपोआप सुगम्य होते’ असं विजेट सुचवलं असेल, तर नम्रपणे नाही म्हणा. असल्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये एका विक्रेत्या कंपनीला दहा लाख डॉलर भरायला लावले. आमचा स्क्रीन रीडर आमच्याकडे आहे, तो आम्हाला पाठ आहे. त्यावर दुसरा बोलणारा बसवला की कामात अडथळाच होतो.

चाचणी कशी करावी याबद्दल माझा अनुभव सांगते. माझ्यासारख्या सरावलेल्या माणसांवर थांबू नका. मला आडवाटा माहीत आहेत, बिघडलेल्या फॉर्ममधूनही मी वाट काढते, त्यामुळे माझं ‘जमलं’ हे इतरांसाठी प्रमाण नाही. वयाच्या पन्नाशीनंतर मधुमेहाने दृष्टी गेलेली, दोन वर्षांपूर्वीच टॉकबॅक शिकलेली व्यक्ती बोलवा. घरातच फोन वापरणाऱ्या एखाद्या मावशींना बोलवा. अशाच एका मावशींनी एका चाचणीत फोन कानाला लावून म्हटलं होतं, ‘अगं, ह्यो नुसता बटन बटन म्हणतोय. कशाचं बटन ते सांगंना की.’ त्या एका वाक्यातून टीमला जे कळलं ते चाळीस पानी अहवालातून कळलं नव्हतं.

त्यांना पान दाखवू नका, काम द्या: ‘एक वर्षाची दहा हजारांची ठेव करा, नॉमिनी लावा, पावती उतरवून (डाउनलोड करून) घ्या.’ मग गप्प बसा. मदत करायचा मोह फार होतो, तो आवरा. कुठे थांबले, कुठे मागे गेले, कुठे काहीच ऐकू न आल्यामुळे गोंधळले, ते लिहा. तेच काम डोळस खातेदाराला द्या आणि दोघांचा वेळ शेजारी मांडा. स्क्रीन रीडरने थोडा जास्त वेळ लागणारच. पण चार मिनिटांचं काम चाळीस मिनिटं घेत असेल तर ते जमलं असं धरू नका. आणि त्यांच्या वेळाचे पैसे द्या, येण्याजाण्याच्या रिक्षासकट. तपासणाऱ्या कंपनीला बिल मिळतं, तर ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांना नुसता चहा पाजून पाठवणं मला मान्य नाही.

टीममधल्या प्रत्येकाने एनव्हीडीए उतरवून घ्यावा, तो फुकट आहे, मॉनिटर बंद करून आपण लिहिलेलं पान रोज थोडं ऐकावं. त्याने ढोबळ चुका जागच्या जागी कळतात. डोळस माणसाला पानाचा नकाशा आधीच डोक्यात असतो, त्यामुळे अंध व्यक्तीची जागा त्याला घेता येत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात जन्मतारखेचा रकाना आणि पानाची भाषा दुरुस्त करा, कॅप्चा काढा. पिनचा कीपॅड बदलायला बँकेच्या सुरक्षा विभागाची परवानगी लागेल, ते पत्र आजच पाठवा, कारण त्याला वेळ लागतो. हेडिंग आणि लिंकचं काम मजकूर लिहिणाऱ्याकडे द्या. मग ज्या दोघांनी तक्रार केली त्यांनाच पहिल्या चाचणीला बोलवा. ते शाखेपर्यंत चालत येऊन सांगून गेलेत, म्हणजे त्यांना ही साईट वापरायची आहे. बँकेबरोबरच्या पुढच्या करारात एएच्या शेऱ्याखाली एक कलम घाला: ठेव, पैसे पाठवणं, पासबुक उतरवणं आणि तक्रार नोंदवणं ही चार कामं किमान पाच अंध खातेदारांनी कुणाच्या मदतीशिवाय पूर्ण केल्यावरच काम स्वीकारलं जाईल. कलमाचा मसुदा हवा असेल तर कळवा, मी मराठीतच लिहून देईन.